शेवाळातले हिस्टोन: काढायचे कसे, वाचायचे कसे

शेवाळातून हिस्टोन (ज्यांच्याभोवती डीएनए गुंडाळलेला असतो ती प्रथिनं) काढताना त्रास होतो तो पेशीभित्तिकेचा, हरितद्रव्याचा आणि स्टार्चचा. म्हणून सुरुवात क्लॅमिडोमोनास या एकपेशीय हिरव्या शेवाळाच्या सीडब्ल्यू-१५ या भित्तिका नसल्यासारख्याच वाणापासून करावी. संवर्ध ऐन वाढीत असताना, मिलिलिटरमागे २० ते ५० लाख पेशी झाल्या की गोळा करा. अर्ध्या लिटरातून फार मिळेल अशी आशा नको: पेशीमागे डीएनए जेमतेम ०.१२ पिकोग्रॅम, हिस्टोनही साधारण तेवढेच. म्हणजे वाया काही गेलं नाही तरी ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास.

पुढचं सगळं बर्फावर. पेशी ०.२५ मोलर सुक्रोज, ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड आणि १ टक्का ट्रायटॉन एक्स-१०० असलेल्या बफरमध्ये फोडा. हिस्टोनवर बसलेल्या ॲसिटिल गटाच्या रासायनिक खुणा पुसल्या जाऊ नयेत म्हणून त्यात १० मिलिमोलर सोडियम ब्युटिरेट घाला. १ मिलिमोलर पीएमएसएफ (प्रथिनं कापणारी विकरं रोखणारं रसायन) मात्र अगदी आयत्या वेळी, कारण ते पाण्यात टिकत नाही. २,००० जी वर (गुरुत्वाच्या २,००० पट) सेंट्रिफ्यूजमध्ये १० मिनिटं फिरवा, हिरवं पाणी टाका आणि साका जवळजवळ पांढरा होईपर्यंत हेच करा. इथे घाई केली तर उरलेलं हरितद्रव्य आम्लात तपकिरी होऊन शेवटपर्यंत पिच्छा पुरवतं.

आता साक्याच्या पाचपट ०.४ नॉर्मल गंधकाम्ल, थेंबाथेंबाने आणि नळी हलवत. एकदम ओतलं तर गुठळी होते आणि आतले हिस्टोन आतच राहतात. ४ अंशांवर दोन-चार तास फिरत ठेवा, मग १६,००० जी वर गाळ बसवा. हिस्टोन वरच्या द्रावणात असतात. त्याच्या दोन भागांना १०० टक्के टीसीएचा (ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाचा) एक भाग घालून तासभर बर्फात ठेवा (हातमोजे हवेतच, टीसीए कातडी जाळतं). फिरवल्यावर नळीच्या भिंतीवर दिसणारा धुरकट पापुद्रा हाच माल. गार ॲसिटोनने दोनदा धुवा, वाळवा, पाण्यात विरघळवा. जेलचा निळा रंग पिवळा पडला तर आम्ल उरलंय. ट्रिस बेसचा थेंब पुरतो.

प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करणाऱ्या १५ टक्के एसडीएस जेलवर शेजारी तुलनेसाठी वासराच्या थायमसचे हिस्टोन चालवा. सर्वांत खाली एच४, हिस्टोनचा सर्वांत लहान प्रकार. एच२ए आणि एच२बी हे प्रकार मात्र वासराच्या पट्ट्यांवरून ओळखू नका, हरित कुळात (हिरवी शेवाळं आणि वनस्पती) त्यांची लांबी वेगळी असते.

उत्क्रांतीचा इतिहास कळतो तो प्रथिनातल्या अमिनो आम्लांच्या क्रमातून. वाटाणा आणि वासरू यांच्या एच४ मधल्या १०२ पैकी फक्त २ जागा वेगळ्या, ६० आणि ७७. त्यामुळे जवळच्या शेवाळांची वंशावळ एच४ वरून मांडू नये; त्यात फरकच पुरेसे नाहीत. एच३ जास्त बोलका. प्राण्यांत एच३.१ आणि एच३.३ या त्याच्या दोन रूपांचे फरक ३१, ८७, ८९, ९०, ९६ या जागी. फुलझाडांत ३१, ४१, ८७, ९० या जागी, आणि अमिनो आम्लंही निराळी. म्हणजे ही वाटणी दोन्हीकडे स्वतंत्रपणे झाली. आपल्या शेवाळाच्या एच३चा क्रम या क्रमांशी जुळवून पाहताना ३१ आणि ४१ आधी पाहा. पण मोजणी पहिलं मेथिओनिन सोडून असते: डेटाबेसमधलं ३२वं अक्षर म्हणजे जागा ३१. इथे बरेच जण चुकतात.

डायनोफ्लॅजेलेट (शेपटीसारख्या कशाभिकांनी पोहणारे एकपेशीय जीव) घेतलं तर हिस्टोनच्या पट्ट्या जवळपास दिसणारच नाहीत. त्यांच्यात हिस्टोनची जनुकं आहेत, पण डीएनए मुख्यतः डीव्हीएनपी या, विषाणूंतल्या प्रथिनांशी नातं असलेल्या प्रथिनांनी सांभाळलेला असतो. त्याच दिवशी, त्याच बफरने काढलेला क्लॅमिडोमोनासचा नमुना शेजारच्या रांगेत नीट उमटला असेल, तरच त्या कोऱ्या रांगेवर विश्वास ठेवा. आणि १० ते १५ किलोडाल्टनला एखादी पट्टी आलीच, तर मास स्पेक्ट्रोमेट्रीआधी तिला हिस्टोन म्हणू नका. आम्लात विरघळणारी इतर प्रथिनंही तिथेच धावतात.