बर्फातल्या मासेमारीत छोटा जिग बांधताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या मिनेसोटात जानेवारीच्या एखाद्या सकाळी गोठलेल्या तळ्यावर शेजारी शेजारी दोन भोकं असतात. दोघांचा जिग, म्हणजे धातूचं डोकं असलेला छोटा गळ, एकाच रंगाचा, अळीही एकाच डबीतली, तरी एकाला सनफिश लागत राहतो आणि दुसरा नुसता बसून असतो. मग तो दुसरा माणूस जिगचा रंग बदलतो, आमिष बदलतो, शेवटी उठून नवीन भोक पाडतो. गाठीकडे बघायचं तेवढं राहून जातं.

मी मूळचा मालवणचा. गरी आणि तंगूस हातात घेऊनच वाढलो, त्यामुळे गाठीचा प्रश्न मला पडलाच नव्हता. खाडीत जाड दोरीला मोठा गळ असतो, निरगाठ घट्ट बसली की काम झालं. इथे जिगचं डोकं ३ ते ५ मिलिमीटरचं आणि लाइन, म्हणजे गळाची दोरी, २ ते ४ पौंडांचा ताण पेलणारी; २ पौंडांची असेल तर जाडी साधारण ०.१३ मिलिमीटर. तिसऱ्या हिवाळ्यात शेजारच्या तंबूतल्या एका वयस्कर गृहस्थांनी माझा जिग तळहातावर घेतला, अंगठ्याच्या नखाने गाठ जेमतेम मिलिमीटरभर मागे सरकवली आणि म्हणाले, आता सोड. त्या दिवसापासून मी मासा काढल्यावर आधी गाठ बघतो, मग मासा.

गाठ नेढ्याच्या माथ्यावर नसणे

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, आणि ती दिसत नाही. आडव्या जिगचं नेढं, म्हणजे लाइन ओवायची कडी, पाठीवर उभं असतं. गाठ नेढ्याच्या बरोबर माथ्यावर बसली तर जिग पाण्यात आडवा राहतो, पोहणाऱ्या किड्यासारखा. गाठ तोंडाकडे घसरली की शेपटी खाली लोंबते, मागे घसरली की डोकं खाली जातं. सनफिश घाईने झडप घालत नाही. जवळ येतो, काही इंचांवर थांबतो, बघतो आणि पटलं तरच तोंडाने पाणी ओढून आमिष आत घेतो. वाकडा लटकणारा जिग बघून तो मागच्या मागे सरकतो, हे मी पाण्याखालच्या कॅमेऱ्यात कितीतरी वेळा पाहिलंय.

म्हणून जिग खाली सोडण्याआधी भोकातच वीतभर पाण्यात धरा आणि वरून बघा. आडवा नसेल तर नखाने गाठ सरकवा, पुन्हा बघा. हे एकदा करून भागत नाही. प्रत्येक मासा गाठ ओढून जागची हलवतो, गवतात अडकलेला जिग सोडवतानाही ती हलते. गाठ बरोबर असूनही जिग कलत असेल तर अळी तपासा. लांबलचक वॅक्सवर्म शेपटीकडे लोंबत असला की मागची बाजू जड होते.

गाठ सारखीच घसरत असेल तर लाइन नेढ्यातून दोनदा ओवा आणि मग क्लिंच गाठ मारा (टोक मूळ लाइनभोवती वेढून परत ओवायची ती). दोन वेढे नेढ्याला धरून ठेवतात. नेढं टोकालाच असलेल्या उभ्या जिगला मात्र एवढं जपावं लागत नाही.

कोरडी गाठ ओढणे

क्लिंचचे पाच वेढे झाले, टोक परत ओवलं, की थांबा. गाठ ओली करा, मग मूळ लाइन सावकाश ओढा. कोरडी गाठ झटक्यात आवळली तर वेढे एकमेकांवर घासून तापतात आणि तिथेच लाइन कमजोर होते. फ्लुरोकार्बन प्रकारच्या लाइनला हे जास्त बाधतं, कारण ती कडक असते आणि वेढे नीट रांगेत बसत नाहीत. आवळलेली गाठ उजेडात धरून बघा. वेढे एकाशेजारी एक बसलेले दिसले पाहिजेत. एक जरी दुसऱ्यावर चढला असेल तर कापा आणि नवीन बांधा. अर्धं मिनिट जातं, पण दिवसातला सगळ्यात मोठा क्रॅपी मासा हातचा जात नाही.

पॅलोमर ही दुसरी गाठ मजबूत आहे हे खरं, पण तिला लाइन दुहेरी करून नेढ्यातून काढावी लागते. टंगस्टन या जड धातूच्या ३ मिलिमीटरच्या जिगमध्ये ती सहसा जात नाही, आणि जबरदस्तीने घातली तर खरवडते.

उरलेलं टोक दातांनी तोडू नका, लायटरने तर मुळीच जाळू नका. ती धग गाठीपर्यंत पोचते. नेलकटरने मिलिमीटर-दोन मिलिमीटर ठेवून कापा.

जिग गेला, तर लाइनचं टोक वाचा

चिडून लगेच नवीन जिग बांधायला घेऊ नका. तुटलेलं टोक बोटांवर घेऊन बघा. टोकाला डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं आलं असेल तर गाठ तुटलेली नाही, सुटली आहे: वेढे कमी पडले, नीट आवळली नव्हती किंवा टोक फार जवळून कापलं. वेटोळं नाही आणि लाइन गाठीपाशीच तुटली, तर गाठ कोरडी ओढली गेली असण्याची शक्यता जास्त. स्वच्छ, सुरीने कापल्यासारखा काप असेल तर नॉर्दर्न पाइक या शिकारी माशाचे दात आठवा. आणि लाइन गाठीच्या बरीच वर तुटली, तिथे हाताला खरखरीत लागतंय, तर ती भोकाच्या खालच्या कडेला बर्फावर घासली आहे. खरखरीत भाग पूर्ण कापून टाका, तीन-चार फूट गेली तरी चालेल.

नेढ्यातला रंग

टंगस्टन शिशाच्या सुमारे १.७ पट घन, त्यामुळे तेवढ्याच वजनाचा जिग छोटा होतो आणि नेढंही बारीक. त्यात कारखान्यातला रंग सुकून बसलेला असतो. तळ्यावर गारठलेल्या बोटांनी तो काढत बसू नका. घरी दिव्याखाली जुन्या गळाच्या टोकाने किंवा सुईने नेढं मोकळं करा, आणि कडेला रंगाची धार उरली नाही ना हेही बघा, नाहीतर तीच लाइन कापते.

बांधायचं कामही शक्य तेवढं घरीच उरका. मी शनिवारी निघायचं असेल तर शुक्रवारी रात्री दहा-बारा जिग दीड फुटाच्या फ्लुरोकार्बनच्या तुकड्यांना बांधून फोमच्या नळीवर गुंडाळून ठेवतो. वर बारीक स्विव्हल, म्हणजे गोल फिरणारी जोडकडी, असतो. बर्फावर फक्त स्विव्हलच्या कडीत एक गाठ मारायची, आणि ती कडी जिगच्या नेढ्यापेक्षा ऐसपैस असते.

जिग गरगर फिरणे

तो स्विव्हल दुसऱ्याही कारणासाठी हवा. छोट्या स्पिनिंग रिळावरून लाइन सुटताना तिला पीळ पडतो, शिवाय थंडीत ती रिळाच्या आकाराची वेटोळी धरून बसते. मग गाठ कितीही बरोबर असली तरी जिग एकाच जागी गिरकी घेत राहतो आणि मासा बघून निघून जातो. निघण्याआधी लाइनचे वीस-पंचवीस फूट उलगडून दोन हातांत ताणा, वेटोळी बरीचशी जातात. तरी पीळ राहिला तर लाइन सरळ सुटणारं इनलाइन रीळ घ्या. आणि जिग तळाशी पोचल्यावर लगेच नाचवू नका. दहा-पंधरा सेकंद स्थिर धरा, गिरकी थांबू द्या, मग काठीचं टोक हलकेच हलवा.