निलगिरी, सिट्रोनेलाचे तेल घरात कसे वापरावे

पावसाळ्यात संध्याकाळी गोठ्याजवळ किंवा ओसरीवर बसायचे असेल तर डास दूर ठेवायला 100 मिली खोबरेल तेलात सिट्रोनेलाचे (गवती चहाच्या जातीच्या गवताचे सुगंधी तेल) 40 थेंब घालून अंगाला लावा. हे साधारण 2 टक्के होते, याहून जास्त नको. जवसाचे तेल घरचे असले तरी घेऊ नका, ते हवेत चिकट होते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दिवसभर थांबा. खाज सुटली तर वापरूच नका. वास तासाभरात ओसरतो, म्हणून पुन्हा लावावे लागते. मच्छरदाणी मात्र हवीच.

फरशी पुसताना तेल थेट बादलीत टाकले की वर तरंगते, एकाच जागी डाग पडतो आणि पाय घसरतो. आधी चमचाभर लिक्विड साबणात निलगिरीचे 10 थेंब घोटून घ्या, मग अर्धी बादली पाणी ओता.

बाजारात भेसळ फार. कोऱ्या कागदावर एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. या दोन्ही तेलांचा डाग जवळपास उडून जायला हवा. तेलकट, पारदर्शक ठिपका उरला तर त्यात गोडेतेल मिसळलेले समजा.

बाटली गडद काचेची, बूच घट्ट. टिनाच्या छपराखाली उन्हाळ्यात तेल लवकर बिघडते, म्हणून खालच्या, अंधाऱ्या फडताळात ठेवा, पण कुलूप लावून. लहान मुलाने चमचाभर निलगिरी प्यायली तरी झटके येऊ शकतात. असे झाले तर उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. तान्ह्या बाळाच्या नाकाला, छातीला हे तेल कधीच लावू नका.