उपवनच्या रस्त्यावर पहाटे पळताना

ठाण्यात जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो, जानेवारीत सव्वासातला. आणि पळणाऱ्यांचा खरा हंगाम नेमका हिवाळ्यात. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत असते, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात रविवारचे लांब पल्ले सुरू होतात. वीस किलोमीटर उरकून आठाच्या आत घरी यायचं तर साडेपाचला बाहेर पडावं लागतं, म्हणजे पहिला तास-सव्वा तास अंधारात. शेजारच्या जंगलातल्या बिबट्याची रात्र त्या वेळी संपत आलेली असते आणि तो परत जंगलाकडे निघालेला असतो. आपण ज्या रस्त्यावर पाय मोकळे करतो, तोच त्याचा घरी जायचा रस्ता असू शकतो.

मी वसंत विहारला राहते, सकाळच्या शाळेत भूगोल शिकवते आणि बारा वर्षं पळते आहे. पोखरण रोडवरून उपवन तलाव आणि तिथून येऊरच्या चढाच्या तोंडापर्यंत, हा माझा रस्ता. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्याला बोरिवली, मुलुंड, ठाणे चिकटून उभी आहेत. २०१५ साली कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत उद्यान आणि आजूबाजूच्या पट्ट्यात ३५ बिबटे मोजले गेले होते, २०१८ साली ४७. तेव्हा आपल्याकडे बिबट्या आहे का, हा प्रश्नच नाही. २० फेब्रुवारी २०१९ ला तर पहाटे एक बिबट्या समतानगरात उतरला होता. आधी मॉलच्या कॅमेऱ्यात दिसला, मग जवळच्या हॉटेलच्या आवारात सापडला आणि वनखात्याने त्याला बेशुद्ध करून नेलं. आमच्या भागात नव्याने पळायला लागलेली माणसं मला विचारतात की काय करायचं, म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात आधी वेळेचं. माझा नियम साधा आहे: रस्त्यावरच्या दिव्याची मदत न घेता स्वतःच्या बुटाची नाडी दिसली, तरच जंगलाच्या बाजूला वळायचं. सूर्य उगवण्याआधी वीस-बावीस मिनिटं एवढा उजेड होतो. त्याआधी निघायचंच असेल, तर पहिले पाच-सहा किलोमीटर वस्तीतल्या उजेडाच्या रस्त्यावर फेऱ्या मारा, झुंजूमुंजू झालं की उपवनकडे जा. अंतर तेवढंच होतं. शाळेच्या दिवशी मला पाचला निघावं लागतं, तेव्हा मी उपवनला जातच नाही, सोसायटीच्या मागच्या गल्लीत गोल गोल पळते. कंटाळवाणं आहे, पण बारा वर्षांत मला यापेक्षा चांगला उपाय सापडलेला नाही.

नाडीवरून आठवलं. बूट घरीच दुहेरी गाठ मारून बांधा. झाडीलगत खाली बसून नाडी बांधू नका, ताण द्यायला जमिनीवर बसू नका, आणि आडोसा म्हणून झुडपात तर मुळीच जाऊ नका. उभा माणूस बिबट्याला सहसा भक्ष्य वाटत नाही. बसलेला किंवा वाकलेला माणूस अंधारात त्याला लहान जनावरासारखा दिसतो. या भागात पूर्वी झालेल्या हल्ल्यांत अंधारात उघड्यावर शौचाला बसलेली माणसं आणि लहान मुलं होती, ती याच कारणाने. मुलांना सोबत आणत असाल तर उजाडल्यावरच आणा, आणि हाताच्या अंतरावर ठेवा, मागे-पुढे धावू देऊ नका.

कान मोकळे ठेवा. दोन्ही कानांत गाणी घालून पळणाऱ्या तरुण मुलांना मी हटकते, त्यांना राग आला तरी. पहाटेच्या जंगलाची बातमी आधी कानालाच कळते. चितळाचा तीक्ष्ण, शिट्टीसारखा 'टॅंव', वानराचा खाकरल्यासारखा 'खॅंक', भेकराचं कुत्र्यासारखं भुंकणं. यातलं काही एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा यायला लागलं, की तिथे बिबट्या असण्याची शक्यता धरा आणि मागे फिरा. वस्तीत हेच काम कुत्री करतात. सगळी एकाच दिशेला तोंड करून भुंकत असतील तर थांबा. भुंकता भुंकता एकदम गप्प झाली तर जास्त सावध व्हा.

आपलाही आवाज असू द्या. हे मला येऊरच्या पाड्यावरच्या एका आजींनी शिकवलं. पावसाळ्यात त्या शेवळं, कर्टोली घेऊन पहाटे खाली उतरतात, डोक्यावर पाटी, हातात काठी. दर पाच-पन्नास पावलांनी त्या मोठ्यानं खोकायच्या. मला वाटलं आजारी आहेत, म्हणून एकदा औषधाचं विचारलं. तर म्हणाल्या, "खोकला नाय बाई. खोकत यायचं असतं. मुकाट आलं की त्यालाबी आपण कळत नाय, अन् मग दोघंबी दचकतात." बिबट्याला त्या वाघच म्हणतात. इथल्या वारली पाड्यांवर वाघोबाला देव मानतात. त्या दिवसापासून आम्ही एकत्र पळणाऱ्या चौघी वळण आलं की मोठ्याने बोलतो. मी एकटी असले तर पाढे म्हणते, एकोणतीसचा.

आता प्रत्यक्ष समोर आला तर. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी आणि माझी शेजारीण येऊरच्या चढाखालच्या वळणावर होतो. सहाला दहा मिनिटं कमी होती, म्हणजे माझाच नियम मी त्या दिवशी पाळला नव्हता. चहाच्या टपरीजवळची कुत्री गप्प झाली. डोक्याला बांधलेल्या दिव्याच्या झोतात, रस्त्यापासून फूट-दीड फूट उंचीवर, दोन हिरवट-पिवळे ठिपके दिसले. कुत्रा असेल असं वाटलं. मग तो बाजूला वळला आणि शेपूट दिसली, अंगाएवढी लांब, टोकाशी वर वळलेली, खालून पांढरी. चालताना खांद्याची हाडं कातडीखाली एकामागून एक वर येत होती. पायांचा आवाज अजिबात नव्हता. कडेच्या दगडी भिंतीवर त्याने एका उडीत पाय टेकले, तेव्हा सिमेंटचा चुरा खाली पडला, तेवढाच आवाज. भिंतीवरून त्याने एकदा आमच्याकडे पाहिलं आणि पलीकडे उतरला. सगळं मिळून दहा सेकंद असेल.

शेजारणीने माझं मनगट धरलं होतं आणि ती वळून पळणार होती. मी वर्गात ओरडते त्या आवाजात म्हटलं, "थांब. पळू नको." तिथे पळणं हीच एक घातक गोष्ट आहे. पाठ करून पळणाऱ्या जनावराच्या मागे लागणं हे मांजराच्या रक्तात आहे, आणि आपण कितीही सराव केला तरी बिबट्यापेक्षा वेगाने धावणार नाही. थांबायचं, ताठ उभं राहायचं, दोघं असाल तर खांद्याला खांदा लावायचा. दिवा सरळ डोळ्यांवर रोखून ठेवू नका, थोडा खाली करा. त्याला जायला वाट मोकळी आहे ना, ते बघा. तुम्ही त्याच्या आणि झाडीच्या मध्ये असाल तर बाजूला सरका. मग तोंड त्याच्याकडेच ठेवून, न बसता, एक एक पाऊल मागे. तो न हलता बघत राहिला तर हात वर करून मोठे दिसा आणि जोरात बोला. दगड मारू नका. फोटोसाठी पुढे जाऊ नका. फोनवाल्या घोळक्यात अडकलेला बिबट्या जेवढा धोकादायक, तेवढा एकटा कधीच नसतो.

नंतर पिंजरा लावा म्हणून मागणी होते. ती करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर भागात अभ्यास केला, तेव्हा असं आढळलं की बिबटे पकडून दुसऱ्या जंगलात सोडले, की सोडलेल्या जागेजवळ माणसांवरचे हल्ले वाढले. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं, आणि इथली रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. मागणी करायचीच तर कचऱ्याची करा. कचऱ्यावर कुत्री आणि डुकरं जगतात, त्यांच्यासाठी बिबट्या येतो. आमच्या गल्लीच्या टोकाला दोन वर्षं उघडा पडलेला कचऱ्याचा ढीग आम्ही तक्रारी करून करून हलवला. तिथली कुत्री पांगली. गस्तीवाल्या दादांना भिंतीजवळ एरवी पंजाचे ठसे दिसायचे, ते नंतर दिसले नाहीत.

बिबट्या दिसला, जखमी जनावर दिसलं, तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फोनमध्ये ठेवा. फोन केल्यावर जागा नीट सांगा: कुठलं वळण, कोणत्या इमारतीची भिंत, कुठल्या दिशेला गेला. बिबट्याची पिल्लं दिसली तर हात लावू नका, उचलून आणू नका. आई जवळपासच असते. मागे फिरा आणि फोन करा.

बिबट्यावर मी इतकं लिहिलं, पण पळणाऱ्याला खरा धोका सापाचा जास्त, आणि तो पावसाळ्यात. जुलैतली सकाळ, बारीक पाऊस. मी फूटपाथवरून पळत होते आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जसा फुसफुसाट होतो, तसा आवाज पायाजवळून आला. घोणस होती. चार हातांवर, वेटोळं घालून, अंगावर साखळीसारखे काळपट गोल, डोकं तिकोनी आणि चपटं. फूटपाथवर साचलेल्या पानांत ती इतकी मिसळून गेली होती की आवाज आला नसता तर माझा पाय तिच्यावरच पडला असता. घोणस धामणीसारखी पळून जात नाही, जागेवर बसते आणि फुत्कारते. तेवढी सूचना पुरेशी समजा. मी दोन पावलं मागे घेतली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. राखणदार काठी घेऊन आला, त्याला थांबवलं आणि सर्पमित्राला बोलावलं. साप मारायला गेलेल्या माणसाला दंश होतो, हे ठाण्यात दर पावसाळ्यात घडतं.

म्हणून पावसाळ्यात फूटपाथ सोडा. गाड्या नसतील तर रस्त्याच्या मध्ये पळा, दिवा पायापुढे दोन मीटरवर पडेल असा खाली झुकवा. पानांचा ढीग, पडलेली फांदी, पाण्याचा पाइप यांवरून उडी मारू नका, वळसा घाला. चप्पल घालून कधीच नाही. दंश झालाच तर घट्ट काही बांधू नका, कापू नका, चोखू नका. घड्याळ, अंगठी, पैंजण, बूट काढा, कारण सूज चढते. मोडलेल्या हाडाला आधार देतात तसा हात किंवा पाय स्थिर ठेवा आणि रिक्षा, गाडी, जे मिळेल त्याने रुग्णालयात जा. स्वतः धावत जायचं नाही. सापाला पकडून न्यायची गरज नाही. माझ्या ओळखीच्या एका बाईंना आधी जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं, तिथे प्रतिसर्पविषच नव्हतं, पाऊण तास वाया गेला. तुमच्या घराजवळ ते कुठे मिळतं हे आजच विचारून ठेवा. सरकारी रुग्णालयापासून चौकशी सुरू करा.

भटकी कुत्री अंगावर आली तर पळणं थांबवून चालायला लागा, बहुतेक वेळा तेवढ्याने मिटतं. कुत्रा, माकड, खाडीकाठचा कोल्हा, कुणीही चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जा. कातडी फाटून रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन हे जखमेत द्यायचं इंजेक्शनही लागतं, ते स्वतःहून विचारा.

माकडांसाठी एवढंच: हातात पिशवी नको, केळं उघडं नको, डोळ्यांत बघून दात दाखवायचे नाहीत. रानडुकरांची मादी पिल्लांसह दिसली तर आल्या वाटेने परत फिरा, ती बिबट्यासारखी बाजूला होत नाही. मधमाश्या उठल्या तर मात्र तोंड झाकून जेवढं जोरात पळता येईल तेवढं पळा, बंद दार सापडेपर्यंत.

आणि कावळे. एप्रिल ते जून त्यांची घरटी असतात आणि एखादा कावळा ठराविक झाडाखाली डोक्यावर टोच मारतो, तीही मागून. उपवनजवळच्या एका गुलमोहोराखाली मला सलग चार दिवस बसली. टोपी घाला, झाडाखाली न धावता चाला, मान वळवून त्याच्याकडे बघत जा. बघणाऱ्याला तो सहसा मारत नाही. तरीही नाही थांबला तर तीन आठवडे समोरच्या बाजूने जा. पहिल्या जोरदार पावसापर्यंत बहुतेक पिल्लं उडालेली असतात.