समोरचा थांबणार आहे का? जुनी आणि नवी प्राइम लेन्स निवडताना

मी नाटकांच्या तालमींचे आणि प्रयोगांचे फोटो काढते. जागा अंधारी, फ्लॅश चालत नाही, आवाज चालत नाही. मोठ्या ॲपर्चरच्या, म्हणजे उजेड आत घेणारं भोक मोठं असलेल्या, प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सशिवाय माझं पान हलत नाही. बॅगेत दोन लेन्स कायम असतात: एक नवी, ऑटोफोकसची ५० एमएम एफ/१.८, आणि दुसरी सोव्हिएत काळातली हेलिओस ४४-२, म्हणजे ५८ एमएम एफ/२ (एफपुढचा आकडा जितका लहान तितकं ॲपर्चर मोठं). नव्याने मिररलेस कॅमेरा घेतलेलं कुणी "जुनी घेऊ की नवी?" असं विचारतं तेव्हा मी आधी उलट विचारते: तुझ्यासमोर जे आहे, ते तुझ्यासाठी थांबतं का?

प्रवेश रंगात आला की नट थांबत नाही. बोलता बोलता वळतो, दोन पावलं पुढे येतो, आणि ज्या नजरेसाठी मी तासभर कोपऱ्यात उभी असते ती येऊन निघूनही जाते. तिथे डोळा ओळखून त्याच्या मागे मागे फोकस नेणारी नवी लेन्सच हवी. तालीम संपल्यावर तोच नट आरशासमोर बसून चेहरा पुसत असतो. आता त्याला घाई नाही आणि मलाही नाही. तेव्हा मी हेलिओस लावते. लहान मुलं, पक्षी, खेळ, रस्त्यावरची माणसं थांबत नाहीत. पोर्ट्रेट, झाडंपानं, वस्तू, इमारती थांबतात. तुमच्या फोटोंत काय जास्त आहे ते प्रामाणिकपणे मोजलंत तर अर्धा निर्णय तिथेच होतो.

उरलेला अर्धा फोकल लेंग्थचा, म्हणजे लेन्स किती रुंद किंवा अरुंद चौकट टिपते ते सांगणाऱ्या एमएमच्या आकड्याचा. तो लोकांच्या शिफारशी वाचून करू नका. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या झूमने काढलेले, तुम्हाला मनापासून आवडलेले शंभरेक फोटो बाजूला काढा आणि प्रत्येकाच्या माहितीत फोकल लेंग्थचा आकडा पाहा. मी हे केलं तेव्हा आपल्याला वाइड आवडतं हा माझा समज पार चुकीचा निघाला. सगळी गर्दी ४५ ते ६० एमएमच्या आसपास होती. आकडा पाहताना सेन्सरचा आकार विसरू नका. फुल फ्रेमवर (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर) ५८ एमएम ती ५८च राहते, त्याहून लहान एपीएस-सीवर तिची चौकट सुमारे ८७ एमएमसारखी दिसते (कॅननच्या एपीएस-सीवर थोडी आणखी अरुंद), आणि आणखी लहान मायक्रो फोर थर्ड्सवर ११६ एमएमसारखी. छोट्या खोलीत ५० एमएम लावून भिंतीला पाठ टेकेपर्यंत मागे सरकणारे मी पाहिले आहेत. त्यांना खरं तर ३५ एमएम हवी असते.

जुनी लेन्स मिररलेसवर बसते यात जादू काही नाही, ते अंतराचं गणित आहे. एसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यात, लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा होता, त्याला हलायला जागा लागायची. म्हणून निकॉन एफ माउंटमध्ये (माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसते ती कडी) माउंटपासून फिल्मपर्यंत ४६.५ एमएम, एम४२ या आट्यांच्या माउंटमध्ये ४५.४६ एमएम आणि कॅनन एफडीमध्ये ४२ एमएम अंतर असतं. मिररलेसमध्ये आरसा गेला आणि हे अंतर सोनी ई माउंटमध्ये १८ एमएम, निकॉन झेडमध्ये १६, कॅनन आरएफमध्ये २० आणि फुजी एक्समध्ये १७.७ एमएमवर आलं. मधली फट भरणारी धातूची पोकळ नळी म्हणजे ॲडॅप्टर. त्यात काच नसते, त्यामुळे चित्रात काही बिघडण्याचंही कारण नसतं. फोकल रिड्यूसर नावाच्या ॲडॅप्टरमध्ये मात्र काच असते. तो एपीएस-सीवर जुन्या लेन्सची चौकट बरीचशी परत मिळवून देतो आणि साधारण एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) उजेडही वाढवतो, पण त्यातली काच हलकी असेल तर कडा मऊ होतात.

पहिली जुनी लेन्स एम४२, मिनोल्टा एमडी, ऑलिंपस ओएम, पेंटॅक्स के किंवा कॅनन एफडी यांपैकी एखाद्या माउंटची घ्या. घेण्याआधी लेन्सवर ॲपर्चरची रिंग आहे ना ते पाहा. निकॉनच्या जी मालिकेत ती नाही आणि कॅनन ईएफमध्ये ॲपर्चर विजेवर चालतं; या लेन्स साध्या नळीवर नीट चालवता येत नाहीत. एम४२ च्या बऱ्याच लेन्सना मागे एक बारीक पिन असते. ती दाबली गेली तरच ॲपर्चर मिटतं. लेन्सवर ऑटो-मॅन्युअल असा खटका नसेल तर पिन दाबणारी कड असलेलाच ॲडॅप्टर घ्या, नाहीतर रिंग फिरवत बसाल आणि पाती हलणारच नाहीत. आणखी एक फसगत ३९ एमएम आट्यांच्या सोव्हिएत लेन्सची. रेंजफाइंडरच्या (आरसा नसलेल्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या) आणि जुन्या झेनिट एसएलआरच्या लेन्सचे आटे एकमेकांत बसतात, पण त्यांची अंतरं वेगळी. चुकीच्या ॲडॅप्टरवर लेन्स झोकात बसेल आणि फोकस काही केल्या जुळणार नाही.

आता माझं ठाम मत. जुन्यात ५० ते १३५ एमएम डोळे झाकून शोधा. ३५ एमएमपेक्षा वाइड असेल तर नवीच घ्या.

५० एमएमच्या आसपासची जुनी लेन्स इतकी चांगली असण्याला कारण आहे. तिचा मूळ आराखडा पॉल रुडॉल्फने १८९६ साली झाइस या जर्मन कंपनीत केलेल्या प्लानार लेन्सपर्यंत जातो. तेव्हा काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर प्रकाश उसळायचा आणि चित्र फिकं पडायचं. १९३५ मध्ये झाइसमध्येच अलेक्झांडर स्माकुलाने परावर्तन कमी करणारं कोटिंग शोधलं आणि या आराखड्याचे दिवस पालटले. पुढे अनेक दशकं बहुतेक एसएलआरबरोबर एक ५० एमएम येत राहिली. आराखडा घोटून घोटून पक्का झालेला आणि लेन्स मुबलक, त्यामुळे निवडायला वाव भरपूर. वाइडचं तसं नाही. आरशाला जागा सोडायची म्हणून एसएलआरच्या जुन्या वाइड लेन्सना आडवळणाचा आराखडा घ्यावा लागला. त्यांच्या कडा बहुधा विरघळल्यासारख्या दिसतात. रेंजफाइंडरच्या वाइड लेन्स आकाराने देखण्या, पण त्यांची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ यायची आणि किरण कडेला फार तिरके पडायचे. फिल्मला ते चालायचं. डिजिटल सेन्सरवर काचेचा थर असतो, त्यातून तिरके किरण गेले की कोपरे ओघळतात आणि कधी जांभळट छटा येते. नव्या वाइड लेन्स सेन्सर समोर ठेवूनच बनवलेल्या असतात.

हेलिओसबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण बहुतेकांची सुरुवात तिच्यापासून होते. ती झाइसच्या बायोटार या लेन्सवर बेतलेली आहे. झाडाच्या पानांतून उजेड झिरपत असेल, माणूस जवळ आणि पानं त्याच्या बरीच मागे असतील, ॲपर्चर पूर्ण उघडं असेल, तर मागचे ठिपके कडेला बदामासारखे लांबट होत चेहऱ्याभोवती गोल फिरल्यासारखे दिसतात. पण हा भोवरा चौकटीच्या कडेला असतो. क्रॉप (फुल फ्रेमहून लहान) सेन्सर नेमक्या त्याच कडा कापतो. एपीएस-सी कॅमेरा असेल आणि केवळ भोवऱ्यासाठी हेलिओस घेत असाल तर निराश व्हाल. तिच्यावर ॲपर्चरच्या दोन रिंग आहेत: एकीने मर्यादा ठरवायची, दुसरी टकटक न करता मोकळी फिरते. मी एकीवर एफ/४ लावते, दुसरी उघडून फोकस जुळवते आणि न बघता बोटाने मिटवते. उजेड समोरून आला तर ही लेन्स पटकन फिकी पडते, हेही माहीत असू द्या. आरशाभोवतीच्या दिव्यांत मला ते हवंहवंसं वाटतं. तुम्हाला नाही वाटलं तर मल्टिकोटिंगची, म्हणजे अनेक थरांच्या कोटिंगची, नंतरची एखादी ५० एमएम घ्या. पेंटॅक्सच्या जुन्या ताकुमार ५० एमएम एफ/१.४ च्या काही आवृत्त्यांच्या काचेत थोरियम आहे आणि काळानुसार ती पिवळी पडते. अतिनील प्रकाशात काही दिवस ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. त्यातलं किरणोत्सर्जन अल्प असतं, तरी ती काच घासायची किंवा फोडायची नाही.

नावापेक्षा अवस्था महत्त्वाची, हे मी एका ८५ एमएम एफ/२ वर शिकले. विकणाऱ्याने पाठवलेल्या फोटोंत काच स्वच्छ दिसत होती. लेन्स आली आणि पहिल्याच प्रयोगात प्रत्येक दिव्याभोवती दुधी वलय, काळा पडदा राखाडी झालेला. घरी टॉर्च धरला तेव्हा आतल्या काचेवर सायीसारखा पातळ थर दिसला. साफ करून घेतली, पण थराखालचं कोटिंग गेलं होतं ते गेलंच. त्या संध्याकाळचे फोटो मला परत काढता आले नाहीत, याची हळहळ अजून आहे.

म्हणून टॉर्चची तपासणी नीट करा. खोलीत अंधार करा. ॲपर्चर पूर्ण उघडा, फोनचा टॉर्च लेन्सच्या मागच्या बाजूला थोडा तिरका धरा आणि पुढून आत बघा. टॉर्च सरळ डोळ्यात येऊ देऊ नका, हळूहळू कोन बदलत राहा. सुटे चमकते कण दिसतील. ती धूळ, तिची काळजी नको. कडेकडून आत सरकणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. काचेवर श्वास सोडल्यासारखं सगळीकडे धुरकट दिसलं तर तो थर, आणि तोच चित्राचा सगळ्यात जास्त घात करतो. कडेला इंद्रधनुषी डाग असेल तर चिकटवलेल्या दोन काचा सुटू लागल्या आहेत. अशी लेन्स सोडून द्या. पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा फोटोत बहुधा दिसत नाही, मागच्या काचेवरचा दिसू शकतो. मग ॲपर्चर मिटवून पाती बघा. तेलकट चमक असेल तर ती अडखळतील. शेवटी फोकस रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. जड असेल तर वंगण वाळलंय, ते दुरुस्त होतं. मध्येच खडखडत असेल किंवा लेन्सचं नळकांडं हलत असेल तर आटे झिजलेत, तिच्या वाटेला जाऊ नका. लांबून मागवत असाल तर अशाच तिरक्या टॉर्चमधला फोटो मागा. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालंच.

नवी लेन्स घेताना इतकं शोधावं लागत नाही. एफ/१.८ पुरते. एफ/१.४ आणि एफ/१.२ मध्ये वजन इतकं वाढतं की लेन्स घरी राहायला लागते. व्हिडिओ काढणार असाल तर फोकस बदलताना चौकट लहानमोठी होते का ते पाहा. जवळात जवळ किती अंतरावर फोकस होतो तेही पाहा. हा आकडा कुणी बघत नाही आणि मग हातांचे फोटो काढता येत नाहीत. हाताने फोकस करायची आवड असेल पण जुन्याची डागडुजी नको असेल, तर फॉइग्टलेंडरच्या (Voigtländer) सोनी ई माउंटमधल्या मॅन्युअल लेन्स बघा. त्या कॅमेऱ्याशी विजेने बोलतात: ॲपर्चरची नोंद फोटोत येते आणि रिंग फिरवली की चित्र आपोआप मोठं होतं.

जुनी लेन्स लावल्यावर कॅमेरा शटर मारायलाच नकार देईल, तेव्हा घाबरू नका. मेनूत लेन्सशिवाय शटर चालू ठेवण्याचा पर्याय असतो, तो सुरू करा. कॅमेऱ्याच्या बॉडीत हाताचा हलका कंप सावरणारं स्थिरीकरण असेल तर फोकल लेंग्थ हाताने भरा. मी ५८ भरते. आधीच्या लेन्सचा १३५ तसाच राहिला तर स्थिर करायच्या ऐवजी कॅमेरा चित्र हलवतो. रंगीत कडा दाखवणारं फोकस पीकिंग अंदाजापुरतं ठीक. फुल फ्रेमवर ५८ एमएम एफ/२ ला एक मीटरवर जेमतेम साडेतीन सेंटीमीटर खोली स्पष्ट येते आणि पीकिंग नाक, पापण्या, कानाची पाळी सगळंच रंगवून मोकळं होतं. मी पीकिंग बंद ठेवते. जवळच्या डोळ्यावर चित्र मोठं करते, पापण्यांचे केस सुटे दिसेपर्यंत रिंग फिरवते, मग रिंग सोडून देते आणि श्वास रोखून कॅमेराच पुढेमागे केसभर हलवत राहते. पापणी धारदार झाली की क्लिक. पहिल्या दिवशी दहातले दोन फोटो जमतात, महिन्याभरात सातआठ.

ॲडॅप्टर आला की दूरचा मनोरा किंवा चंद्र घेऊन अनंतावर फोकस जुळतो का ते पहिल्याच दिवशी तपासा. स्वस्त ॲडॅप्टर थोडे आखूड बनवतात, त्यामुळे अनंत रिंगच्या खुणेआधीच येतं, ते चालतं. अनंत येतच नसेल तर ॲडॅप्टर परत करा. लेन्स घट्ट बसल्यावरही हलत असेल तरी परत करा. आणि जुन्या लेन्सबरोबर आलेली चामड्याची केस कितीही सुंदर असली तरी लेन्स तिच्यात ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशी तिथूनच काचेत शिरते. हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहू द्या. माझी केस रिकामीच शेल्फवर असते.