बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी

बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेचा, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठर-आतड्यांवर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेचा, विचार करण्याआधी वजन कशामुळे वाढले, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. थायरॉईडची कमतरता, कुशिंग सिंड्रोम (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा विकार), बराच काळ घेतलेली स्टेरॉइड्स किंवा मानसिक आजारावरील काही औषधे यांचा त्यात वाटा असू शकतो. (थायरॉईडमुळे सहसा थोडेच किलो वाढतात, चाळीस नव्हे, तरी ही तपासणी टाळू नये.) नातेवाईक काहीही म्हणोत, तीव्र लठ्ठपणा हे नुसते जिभेच्या लाडांचे फळ नसते: आनुवंशिकतेचा भाग मोठा असतो, आणि वजन उतरू लागले की भूक वाढवणारे संप्रेरक घ्रेलिन वाढते, तृप्तीची जाणीव देणारे संप्रेरक लेप्टिन घटते, म्हणून पथ्याने उतरलेले किलो बहुधा परत येतात.

त्यानंतर बीएमआय, म्हणजे किलोमधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग, काढावा. उंची 1.60 मीटर आणि वजन 96 किलो असल्यास 96 ला 2.56 ने भागून 37.5 येतो. 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार 35 पासून शस्त्रक्रिया सुचवली जाते; आशियाई लोकांसाठी ती 27.5 पासूनही विचारात घेता येते. विम्याची अट मात्र अधिक कडक असते: साधारणपणे 40, किंवा गंभीर सहव्याधी (लठ्ठपणासोबतचे इतर आजार) असल्यास 35. पॉलिसीतील हे कलम आधीच वाचावे.

स्लीव्ह आणि बायपास हे या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढतात, आणि त्यासोबत घ्रेलिन तयार करणारा वरचा भागही जातो. बायपासमध्ये जठराची लहान पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. तीव्र आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी स्लीव्हचा आग्रह धरू नये, कारण तो त्रास वाढू शकतो.

शस्त्रक्रियेआधी धूम्रपान पूर्णपणे थांबवावे आणि यकृत आकसावे म्हणून सांगितलेला अल्प-उष्मांकी आहार काटेकोरपणे पाळावा.

खरी कसोटी नंतर लागते. सुरुवातीला पातळ पदार्थ, मग मऊ अन्न, असा क्रम असतो. पुढे दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिने लागतात, आणि शाकाहारी घरात केवळ वरण-भातावर ती भागत नाहीत, म्हणून पनीर, दही, सोयाबीन यांची जोड द्यावी. बी-12, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावे लागते. स्त्रियांनी 12 ते 18 महिने गर्भधारणा टाळावी. उलट्या थांबत नसतील, तर घरगुती उपाय करत न बसता लगेच रुग्णालयात जावे, कारण त्यातून होणाऱ्या थायमिनच्या (ब-1 जीवनसत्त्वाच्या) कमतरतेने मेंदूला कायमची इजा होऊ शकते.