'कन्व्हिन्स' आणि 'पर्स्वेड': या चुका टाळा

एखादी गोष्ट पटवून देणे आणि एखाद्याचे मन वळवणे यांतला फरक मराठीत आपण सहज पाळतो, पण इंग्रजी लिहिताना 'कन्व्हिन्स' आणि 'पर्स्वेड' ही क्रियापदे सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. 'कन्व्हिन्स'चा रोख समोरच्याच्या मतावर असतो, तर 'पर्स्वेड'चा मुख्यतः त्याच्या कृतीवर. योजना सुरक्षित आहे हे तिला पटले, तर 'आय कन्व्हिन्स्ड हर दॅट द प्लॅन वॉज सेफ' असे लिहावे. तिला सही करायला राजी केले, तर 'आय पर्स्वेडेड हर टू साइन' असे. पटूनही सही न करणारे लोक असतात आणि न पटता आग्रहाखातर करणारेही असतात, म्हणून हा भेद मला जपण्याजोगा वाटतो.

वाक्यरचनाही त्यानुसार बदलते. 'कन्व्हिन्स'नंतर 'दॅट' किंवा 'ऑफ' येते, 'पर्स्वेड'नंतर बहुधा 'टू' आणि क्रियापद. विसाव्या शतकाच्या मध्यापासून, विशेषतः अमेरिकी इंग्रजीत, 'कन्व्हिन्स्ड हिम टू गो' ही रचना रूढ झाली आणि आजचे शब्दकोश ती स्वीकारतात. त्यामुळे तिला चूक ठरवू नये, मात्र औपचारिक लेखनात जुना भेद पाळल्यास अर्थ अधिक नेमका राहतो.

याहून गंभीर चूक मराठीच्या सवयीतून येते. 'मी त्याला खूप समजावले, पण त्याने ऐकले नाही' हे मराठीत निर्दोष वाक्य आहे, कारण समजावण्यात यश गृहीत नसते. 'पर्स्वेड' आणि 'कन्व्हिन्स' या दोन्हींत मात्र यश अंतर्भूत असते, म्हणून 'आय पर्स्वेडेड हिम टू गो, बट ही रिफ्यूज्ड' हे वाक्य स्वतःलाच खोडून काढते. केवळ प्रयत्न सांगायचा असेल, तर 'ट्राइड टू पर्स्वेड' लिहावे किंवा सरळ 'अर्ज' (urge, म्हणजे आग्रह करणे) हे इंग्रजी क्रियापद घ्यावे.

'त्याला' या रूपाच्या प्रभावाने 'कन्व्हिन्स टू हिम' असेही लिहिले जाते. 'एक्स्प्लेन'ला तेथे 'टू' लागतो, 'कन्व्हिन्स'ला लागत नाही. परावृत्त करण्यासाठी 'डिस्वेड' आहे, आणि त्यानंतर 'टू गो' नव्हे, 'फ्रॉम गोइंग' येते.