कमांड प्रॉम्प्टवरून विंडोजची देखभाल करताय? या चुका टाळा

"एसएफसी चालवलं. खराब फाइल सापडल्या म्हणतंय, पण काही दुरुस्त झाल्या नाहीत. आता फॉरमॅटच मारावं लागणार ना?" हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. बहुतेक वेळा फॉरमॅटची गरजच नसते, कमांडचा क्रम चुकलेला असतो.

एसएफसी (सिस्टिम फाइल चेकर) स्कॅननाउ ही कमांड बिघडलेल्या सिस्टिम फाइलच्या जागी चांगली प्रत ठेवते. ही प्रत ती विंडोज फोल्डरमधल्या विनएसएक्सएस या साठ्यातून घेते. तो साठाच बिघडला असेल, तर एसएफसी दहा वेळा चालवूनही निकाल तोच येणार. म्हणून आधी डिस्म या विंडोजच्याच दुरुस्ती साधनाची रिस्टोअरहेल्थ कमांड चालवून साठा दुरुस्त करा, मग एसएफसी. डिस्म चांगल्या फाइल सहसा विंडोज अपडेटकडून आणते, तेव्हा इंटरनेट चालू ठेवा. टक्केवारी एकाच आकड्यावर बराच वेळ थांबते. अडकलं समजून विंडो बंद करू नका, खरंच धीर धरा. सुरुवातीलाच एरर ७४० आली, तर प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

डिस्क तपासणारं चेकडिस्क नुसतं चालवलं तर ते फक्त तपासतं, दुरुस्त काहीच करत नाही. फाइल सिस्टिमच्या चुका काढायला स्लॅश एफ (/f) हा पर्याय जोडावा लागतो. स्लॅश आर त्याशिवाय खराब सेक्टरही शोधतो आणि मोठ्या हार्ड डिस्कवर तासन्‌तास घेतो. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर स्लॅश आर आधी अजिबात नको. पूर्ण डिस्क वाचण्याच्या ताणात ती कायमची जाऊ शकते. पहिल्यांदा बॅकअप! सी ड्राइव्ह वापरात असल्यामुळे तपासणी पुढच्या रीस्टार्टला ठरवू का, असं विचारलं जातं. तिथे वाय दाबा. निकाल स्क्रीनवरून निघून गेला तर इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये विनइनिट नावाखाली सापडतो.

डिस्मचा रीसेटबेस हा पर्याय अपडेटच्या जुन्या फाइल काढून जागा मोकळी करतो खरा, पण त्यानंतर आधीचे अपडेट काढून टाकता येत नाहीत. नवा अपडेट त्रास देत असताना तो वापरू नका.

मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती टेम्प म्हणजे तात्पुरत्या फाइल हाताने उडवण्याची. तुम्ही सी ड्राइव्हवर आहात आणि सीडी (फोल्डर बदलायची कमांड) लिहून डी ड्राइव्हवरच्या फोल्डरचा पत्ता दिलात. एरर येत नाही, पण प्रॉम्प्ट सी वरच राहतो, कारण ड्राइव्ह बदलायला सीडीला स्लॅश डी लागतो. आता डिलीटची कमांड दिलीत, तर सी वरच्या चालू फोल्डरमधल्या फाइल जातात. रीसायकल बिनमध्येही त्या सापडत नाहीत. म्हणून एंटर दाबण्याआधी प्रॉम्प्टवरचा पत्ता वाचा, आणि जो पॅटर्न डिलीटला देणार आहात तोच आधी डीआयआरला देऊन फाइलची यादी डोळ्यांनी बघा.